गोमाजीच्या नावाचं कार्ड

मित्रांनो, माझा एखादा खण ओढून नाक जवळ आणलंत, तर आधी सुंठीचा आणि मागाहून जुन्या कागदाचा वास येईल. तेवढ्यावरून मी कोण हे काही ओळखता यायचं नाही, म्हणून मीच सांगते. मी छत्तीस खणांची एक जुनी सागवानी पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला भजनातली आठवेल. मी तशी नव्हे. मी उभी असते, मोठ्या माणसाच्या छातीएवढी. ठाण्यात कोर्टनाक्यापासून पाच मिनिटं चाललं की एक सार्वजनिक वाचनालय लागतं, त्याच्या जिन्याखाली माझा मुक्काम आहे. लोक माझ्यावर छत्र्या ठेवतात, मासिकांचे गठ्ठे ठेवतात. एकदा कुणी गरम चहाचा कप ठेवला, त्याचं वर्तुळ अजून माझ्या डोक्यावर आहे. माझ्या पोटात काय आहे, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

माझा जन्म कल्याणचा. दगडू नावाच्या सुताराने मला एका काष्ठौषधींच्या दुकानासाठी घडवलं. दगडू फारसा बोलायचा नाही. खण बसवला की तीनदा ओढून बघायचा, आणि तिसऱ्यांदा तो कुरकुर न करता सरकला तरच पुढच्याला हात घालायचा. खणांवर पांढऱ्या रंगाने नावं लिहिली होती: सुंठ, पिंपळी, हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध. चाळीस वर्षं मी त्या दुकानात काढली. खोकला, मोडशी, बाळंतपण, जे काही असेल ते घेऊन माणसं यायची आणि दिवसातून दोनशे वेळा तरी कुणाचा ना कुणाचा हात माझ्या कडीला लागायचा. एकटेपण कशाशी खातात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे गोळ्यांच्या पट्ट्या आल्या, पातळ औषधांच्या बाटल्या आल्या, आणि १९८३ साली दुकान बंद झालं. मालकाच्या मुलाने मला जळाऊ लाकडाच्या भावात काढलं.

तिथून मला श्रीपादरावांनी उचललं. ते त्या दुकानात बायकोसाठी ज्येष्ठमध न्यायला यायचे, म्हणून माझ्या ओळखीचे. बायको आदल्याच वर्षी गेली होती. मूल नव्हतं. ते स्वतः नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते. नोकरी हायकोर्टात, नक्कल विभागात. म्हणजे काय, तर न्यायाधीशांनी दिलेल्या निकालाची नक्कल ज्याला हवी असेल त्याने एका खिडकीशी जायचं, अर्ज द्यायचा, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने रजिस्टर बघून ती काढून द्यायची. त्या खिडकीच्या पलीकडे श्रीपादराव तीस वर्षं बसले होते. वर्तकनगरच्या त्यांच्या दीड खोलीत मी मावले नसते. म्हणून त्यांनी मला टेम्पोत घालून थेट या वाचनालयात आणलं आणि कमिटीला सांगितलं, "मला मागची खोली द्या, संध्याकाळी चार ते सात. मला काही नको. लोकांना हायकोर्टाचे निकाल बघायला मिळतील, फुकट."

कमिटीला वाटलं, निवृत्त माणूस आहे, करमत नसेल. खोली दिली.

श्रीपादरावांचं म्हणणं साधं होतं. न्यायाधीश निकाल देतात तो भरल्या कोर्टात, उघड्या दाराने. जे उघड्या दाराने बोललं गेलं ते गुपित नव्हे. पण एकदा का ते जाड पुस्तकात शिरलं आणि पुस्तक वकिलाच्या कपाटात गेलं, की ज्याच्यासाठी ते बोललं गेलं त्यालाच ते दिसत नाही. दिसलं तरी इंग्रजीत. म्हणून त्यांनी जुनी कायद्याची पुस्तकं जमवली, ओळखीच्या वकिलांकडून कार्बन कॉप्या मागून आणल्या, आणि एकेका निकालाचं एकेक कार्ड करायला बसले. कार्डाच्या डोक्यावर अर्ज करणाऱ्याचं नाव, त्याखाली नंबर आणि तारीख, आणि मग मराठीत चार ओळी: काय घडलं, काय मागितलं, कोर्ट काय म्हणालं, का म्हणालं. कार्डं माझ्या खणांत अकारविल्हे लागली, आणि पूर्ण निकालांचे गठ्ठे मागच्या फळीवर.

खणांवरची जुनी नावं त्यांनी खरवडली नाहीत. त्यांच्यावर अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. पण वाचनालयाचा शिपाई काळुराम याला चिठ्ठ्यांपेक्षा पांढरी अक्षरं बरी दिसायची. "साहेब, म चा खण कुठला? हां, पिंपळीच्या शेजारचा," असा त्याचा हिशेब. बाहेर पाटी लागली: 'हायकोर्टाचे निकाल पाहण्यास मिळतील. विनामूल्य.'

आणि कुणीही आलं नाही.

खोटं कशाला सांगू, पहिल्या वर्षी अकरा माणसं आली. त्यातली दोन पाणी प्यायला. एकाने पाटी वाचून काळुरामला बाजूला घेऊन विचारलं, "फुकट म्हणजे? मागाहून काय मागतात?" कोर्टनाक्यावरचे वकील येता-जाता थट्टा करायचे, "काय श्रीपादराव, आमच्या पोटावर पाय?" आणि खण उघडला की सुंठीने शिंका देत निघून जायचे. पण वागळे इस्टेटमधून काढून टाकलेला रतन नावाचा एक कामगार आला, तीन संध्याकाळी बसून त्याने आपल्यासारख्याच माणसाचा निकाल शोधला, आणि दिवाळीआधी कामावर परत रुजू होऊन पेढे घेऊन आला. श्रीपादरावांनी एक पेढा माझ्या डोक्यावर ठेवला होता. त्या एका संध्याकाळवर मी दोन वर्षं काढली.

बाकी दिवस आम्ही दोघंच. ते लिहायचे, मी उभी. सात वाजले की चष्मा काढून म्हणायचे, "चला, आज काही कुणी नाही." मला म्हणायचे की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

आता मित्रांनो, एक गोष्ट सांगायला हवी, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हायकोर्टात कधी कधी एकाच तक्रारीचे चार-पाच अर्ज एकत्र चालतात. मग न्यायाधीश निकाल लिहितात तो पहिल्या अर्जात, पहिल्या माणसाच्या नावावर. त्याच्या नावापुढे लिहितात, 'आणि इतर'. उरलेल्या अर्जांवर प्रत्येकी एकच ओळ पडते: 'वरीलप्रमाणे.' श्रीपादरावांनी तीस वर्षं त्या ओळी बघितल्या होत्या. त्यांची नक्कल कुणाला देण्यात अर्थ नाही अशी तिथली रीत होती, आणि ती रीत त्यांच्या बोटांत मुरली होती. म्हणून माझ्यासाठी कार्डं करतानाही त्यांनी निकालांचीच केली. एका ओळीचं कार्ड कशाला करायचं? पुठ्ठा वाया.

१९८८ सालच्या एका शनिवारी मंजुळा आली. कळव्याच्या खाडीकाठची कोळीण, पस्तिशीची असेल. डोक्यावर रिकामी टोपली, काखेत पत्र्याची पेटी.

"बाई, टोपली बाहेर ठेवा," काळुराम आडवा आला. "आत पुस्तकं आहेत."

"मंग? पुस्तकांना काय नाक असतंय?" म्हणून ती आत शिरली आणि श्रीपादरावांपुढे उभी राहिली. "साहेब, हितं हायकोटाचं कागूद फुकट बगाया मिळतात, खरं हाय?"

"खरं आहे. बसा."

"बसाया सवड नाय. सोमवारी अकराला कचेरीत उभं ऱ्हायचंय." असं म्हणत ती बसली, आणि पत्र्याच्या पेटीतून नोटीस काढून तिने टेबलावर ठेवली.

झालं होतं ते असं. खाडीकाठी चार कोळी घरांचं मिळून एक खळं होतं. खळं म्हणजे मासळी वाळत घालायची सारवलेली जागा. जवळा, सोडे, सुकट, सगळं तिथं वाळायचं आणि त्यावर चार घरं पावसाळा काढायची. एका सरकारी कचेरीने कळवलं होतं की जागा तुमची नाही, सोमवारी कागद असेल तर दाखवा, नाहीतर पंधरा दिवसांत खळं मोकळं करा. मंजुळाचा नवरा खाडीतच गेला होता, घर तिच्यावर होतं. सोमवारी हात हलवत गेली असती, तर पुढच्या पावसाळ्यात चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न होता.

"असंच आधी पन झालंवतं," ती म्हणाली. "तवा माझा सासरा गोमाजी हायकोटात गेलेला. त्याचं काय झालं त्यो कागूद पायजे."

श्रीपादरावांनी ग चा खण ओढला. कार्डं एकेक करून पुढे घेतली. मग मागे घेतली. मग परत पुढे.

मित्रांनो, तो निकाल माझ्या पोटात होता. तीन ओळी खाली, ज्येष्ठमधाच्या खणात, न च्या कार्डांत. पाच वर्षं मी त्याला सांभाळत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला ओरडता येत नाही. फार तर उन्हाळ्यात करकरता येतं, आणि त्याला कुणी बोलणं समजत नाही.

"गोमाजी नावाचा निकाल नाही, बाई," श्रीपादराव म्हणाले.

मंजुळा रडली नाही की चिडली नाही. नोटिशीची घडी घालत म्हणाली, "म्हातारा पन हेच सांगत आला. वकील मधीच वारला, कोन काय कळवना. मंग हाच गेला हायकोटात, शिमग्याच्या आधी. लिवतावाचता येत नवतं, तरी धोतर धुवून नेसून गेला. खिडकीत साहेब होता. त्यानं मोठी वही बगली आन बोल्ला, 'तुमच्या नावाचा निकाल नाही. पुढचे या.' म्हातारा घरी आला आन बोल्ला, मंजुळे, आपलं बुडालं."

श्रीपादरावांचा हात खणातच राहिला.

"कुठल्या साली गेले होते?"

"चौऱ्याहत्तर. माजं लगीन होऊन दुसरं वरीस."

चौऱ्याहत्तर साली त्या खिडकीत कोण बसत होतं, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. एक मी, कारण हे मला शंभर वेळा ऐकवून झालं होतं.  काळुरामने आणलेलं पाणी श्रीपादरावांनी बाजूला सारलं.

"बाई, अर्ज एकट्या गोमाजींनी केला होता?"

"एकटा कसा करील? खळं चौघांचं. चौघांनी मिळून वकील केलेला."

"चौघांत पहिला कोण? पहिली सही कुणाची?"

"पहिली?" हे काय विचारणं झालं, असं तिने बघितलं. "नाथाबाबाची. वयानं मोठा त्यो. आमच्यात मोठ्यानं हात लावल्याबिगर दुसरा कोन लावनार? होडी पान्यात लोटताना पन पयला हात त्याचाच. पन त्यो निकालाच्या आधीच लेकीकडं उरणला गेला, थितंच सरला."

श्रीपादरावांनी ग चा खण मिटला, खाली वाकले आणि ज्येष्ठमधाचा ओढला. चौथंच कार्ड होतं. 'नाथा, राहणार कळवा, आणि इतर.' त्यांचंच अक्षर. ते वाचू लागले. खाडीकाठच्या जागेवर मासळी वाळवण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असल्याचं दिसतं. अर्जदारांचं म्हणणं न ऐकता जागा काढून घेता येणार नाही. कचेरीचा आदेश रद्द.

"म्हंजी?" मंजुळा म्हणाली.

"म्हणजे तुम्ही जिंकलात, बाई. चौघंही. चौदा वर्षं झाली."

मला वाटलं आता ती हसेल. काळुराम तर हसलाच. ती मात्र टोपलीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"म्हातारा दोन वर्सांमागं मेला," ती म्हणाली. "म्हंजी मेला तवा जिंकल्यालाच होता?"

"हो."

"कोन उठवाया आलं नाय, तरी खळ्याला दगडाचा बांध घालू देत नवता. आपलं नाय ते कशाला बांधायचं, बोलायचा. दर पावसाळ्यात माती व्हावून जायाची. दर दसऱ्याला म्हातारा परत टाकायचा. बारा वर्सं." मग ती उठली. "सोमवारी काय दाखवू ते द्या."

श्रीपादरावांनी फळीवरून पूर्ण निकाल काढला, रविवारचा दिवस घालवून तो हाताने उतरवला, आणि सोमवारी स्वतः तिच्यासोबत गेले. काय झालं ते मला दोघं परतल्यावर कळलं. कचेरीतल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला, नंबर टिपून घेतला, आणि शिक्क्याची नक्कल आणायला महिनाभर मुदत दिली. शिक्क्याची नक्कल कुठे नि कशी मागायची हे श्रीपादरावांना कुणी शिकवायला नको होतं. महिना संपायच्या आत नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं.

ते पत्र दाखवायला मंजुळा आली तेव्हा तिच्या हातात सुक्या जवळ्याचा चांगला मोठा पुडा होता. तो तिने टेबलावर ठेवला.

"बाई, तो पुडा जरा थांबवा," श्रीपादराव म्हणाले. "आधी ऐका. चौऱ्याहत्तर साली त्या खिडकीत मी होतो."

मंजुळाने विचारलं, "तुमाला आठवतो माझा सासरा?"

"नाही. दिवसाला दीडशे माणसं यायची. मला कुणाचाच चेहरा आठवत नाही."

"खोटं नाय बोल्लात तुमी तवा."

"नाही. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे एकच ओळ होती. वरीलप्रमाणे. वरचं पान उलटून बघितलं असतं तर नाथा सापडला असता. अर्धं मिनिट लागलं असतं."

"अर्धं मिनिट," मंजुळा म्हणाली. तिने पुडा उचलून टोपलीत टाकला, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

 काळुराम हळूच म्हणाला, "साहेब, कशाला सांगितलंत? तिला कुठे माहीत होतं?" श्रीपादरावांनी पुढचं कोरं कार्ड ओढलं.

पाच मिनिटांनी ती परत आली. तडक माझ्याकडे आली आणि पुडा माझ्या डोक्यावर आदळला. "ह्यो तुमाला नाय. ह्या पेटीला. हिनं ठेवलं सांबाळून." मग श्रीपादरावांकडे न बघताच म्हणाली, "आन म्हाताऱ्याच्या नावाचं एक कार्ड करा. नाथाबाबाच्या न्हवं, त्याच्या नावाचं. उद्या कोन गोमाजी हाय का इचारीत आला तर नाय बोलू नका."

जवळा शेवटी काळुरामच्या घरी गेला, कारण श्रीपादरावांच्या सात पिढ्यांत कुणी मासळी खाल्ली नव्हती आणि मी तर पेटीच. त्याच संध्याकाळी कार्ड झालं. 'गोमाजी, राहणार कळवा. पाहा: नाथा.' आणि खाली, इतर कार्डांवर नसलेली एक ओळ: 'हे जिंकले.' ते कार्ड ग च्या खणात गेलं, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातला खरा कामाचा काळ तिथून सुरू झाला.

श्रीपादरावांनी माझे छत्तीसच्या छत्तीस खण रिकामे केले आणि 'आणि इतर' लिहिलेलं एकेक कार्ड बाजूला काढलं. चारशेहून जास्त निघाली. त्या प्रत्येकामागे तीन, पाच, कुठे चाळीस माणसं. कुठे चाळीतले भाडेकरू, कुठे शाळेतले शिक्षक, कुठे मिठागरातल्या बाया. त्यांची नावं पुस्तकात नव्हती, ती हायकोर्टाच्या जुन्या रजिस्टरांत होती. मग ते दर बुधवारी हायकोर्टात जाऊन, आपल्याच जुन्या खिडकीपुढे रांगेत उभे राहून नावं मागायचे. परत आल्यावर एकदा काळुरामला म्हणाले, "आज नव्या पोराने मला सांगितलं, आजोबा, तुमच्या नावाचं इथे काही नाही, पुढचे या." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत होते.

नावं मिळाली की कार्ड. नावं नाही मिळाली, रजिस्टर भिजलेलं किंवा पान फाटलेलं निघालं, तर त्या निकालाचा नंबर घालून एका वेगळ्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचे, 'इतर: चार. नावं मिळाली नाहीत,' आणि ते कार्ड माझ्या सर्वांत खालच्या खणात जायचं.

मंजुळा वर्षातून एकदा यायची. बसायची नाही. ग चा खण ओढायला सांगायची, कार्ड बघायची, वाचता येत नसलं तरी त्यावरून अंगठा फिरवायची आणि विचारायची, "किती झाली?" श्रीपादराव आकडा सांगायचे. खळ्याला दगडाचा बांध घातला, हे तिने असंच एकदा उभ्याउभ्या सांगितलं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. त्यांनीही मागितलं नाही.

१९९४ च्या पावसाळ्यात श्रीपादराव यायचे थांबले. पहिल्या दिवशी मला वाटलं, बुधवार असेल. मग पुष्कळ बुधवार झाले. एका दुपारी काळुराम एकटाच खोलीत आला, त्यांच्या खुर्चीवर बसला, तो आधी कधी बसला नव्हता. मला कळलं. टेबलावरचं अर्धवट कार्ड त्याने उचललं, कुठल्या खणात टाकायचं ते त्याला उमजेना, म्हणून पिंपळीच्या खणात ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे.

कमिटीने खोलीत परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. मुलं चांगली होती, पण त्यांना शिंका यायच्या. मी जिन्याखाली आले. गठ्ठे माळ्यावर गेले. दिवसातून दोनशे हात लागायचे ते दिवस मी पाहिले होते. आता महिनेच्या महिने कुणी कडी वाजवत नव्हतं. ओल यायची तेव्हा कार्डं एकमेकांना चिकटायची, आणि मी मनात एकेकाचं नाव घेत बसायची, कुणाचं पुसलं जाऊ नये म्हणून. मंजुळा एकदा येऊन गेली. मागची खोली बघितली, मुलांची गर्दी बघितली, दारातूनच परतली. तीन हातांवर जिन्याखाली मी होते. मी करकरले. तिने ऐकलं नाही.

पाच वर्षांनी हेमा आली. वकिलीची परीक्षा नुकतीच दिलेली, कळव्याहून स्कूटरवर येणारी मुलगी. तिला कुणीतरी सांगितलं होतं की इथे निकालांची एक जुनी पेटी आहे. तिने आणि तिच्या दोन मित्रमैत्रिणींनी ठरवलं होतं की हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, इंटरनेटवर टाकायचं, म्हणजे कुणालाही, कुठूनही, घरबसल्या बघता येईल.

"फुकट?" काळुरामने विचारलं. आता तो निवृत्तीला आला होता.

"फुकटच, काका. हायकोर्टाचा निकाल सगळ्यांचाच ना?"

 काळुरामने स्वतः माझ्यावरच्या छत्र्या उतरवल्या.

अभ्यासिकेच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर आला. हेमा रविवारी यायची, माझा एकेक खण नेऊन मांडीवर ठेवायची आणि कार्डं टाइप करायची. इतक्या वर्षांनी कुणाचे तरी हात. मी हरखून गेले होते. तिसऱ्या रविवारी मी ऐकलं:

"काका, ही बघा गंमत. एकाच निकालाची चार चार कार्डं आहेत. 'पाहा नाथा, पाहा नाथा.' डबल झालंय सगळं. ही मी बाजूला काढते, रद्दीत गेली तरी चालतील. निकाल तर नाथाच्या नावावर येतोच आहे."

आणि गोमाजीचं कार्ड तिने टेबलाच्या डाव्या बाजूच्या ढिगावर टाकलं.

मित्रांनो, तो क्षण मी कशी उभी राहिले ते मला माहीत. सहा वर्षांच्या संध्याकाळी त्या ढिगात पडत होत्या. काळुरामला कायद्यातलं काही कळत नव्हतं, समजावून सांगणं हा त्याचा स्वभाव नव्हता. तो डोकं खाजवत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, एक करा. त्या तुमच्या मशिनीला विचारा, गोमाजी आहे का."

"कोण गोमाजी?"

"विचारा तर."

हेमाने नाव टाइप केलं. थांबली. पडद्यावरचं वाचलं, "या नावाचं काही सापडलं नाही."

"हां," काळुराम म्हणाला. "आमचे साहेब पण खिडकीतून हेच बोललेले."

मग त्याने सांगितलं. खळं, धुतलेलं धोतर, पहिली सही, अर्धं मिनिट, जवळ्याचा पुडा. त्याला जमलं तसं, पुढचं मागे आणि मागचं पुढे करत सांगितलं.  संपल्यावर हेमाने डावीकडचा ढीग दोन्ही हातांनी उचलून आपल्यापुढे ठेवला आणि वरचं पहिलं कार्ड घेतलं. बोटं चालू लागली. मी ऐकत होते: गो, मा, जी. 'राहणार कळवा.' मग ती काळुरामकडे वळली. "काका, 'हे जिंकले' हे पण लिहू?"

"लिहा ना. ते तर लिहाच."

पुढच्या रविवारी काळुराम कळव्याला जाऊन मंजुळाला घेऊन आला. केस पिकायला लागले होते, टोपली नव्हती. हेमाने तिला पडद्यासमोर बसवलं आणि नाव शोधून दाखवलं. "हे आता कुणालाही दिसेल, मावशी. दिल्लीत दिसेल, दुबईत दिसेल."

मंजुळा पडद्यावर अंगठा टेकून म्हणाली, "कळव्यात दिसल का?"

 कळव्यात तेव्हा कुणाकडे होता कॉम्प्युटर? "दिसेल, मावशी," हेमा म्हणाली. "थोडा वेळ लागेल." मंजुळाने मान हलवली. वेळ लागण्याची तिला सवय होती.

मित्रांनो, आता माझे बहुतेक खण रिकामे आहेत. टाइप झालेली कार्डं खोक्यांत भरून कोरड्या जागी गेली, ते बरंच झालं. रिकामं होणं म्हणजे निरुपयोगी होणं असं मी पूर्वी समजायची, आता तसं नाही समजत. पण एक खण अजून भरलेला आहे. सर्वांत खालचा. त्यात एकशे सात कार्डं आहेत, पेन्सिलीने लिहिलेली: इतर तीन, इतर नऊ, इतर बावीस, नावं मिळाली नाहीत. ती हेमाच्या मशिनीला देता येत नाहीत, कारण मशीन नाव मागते. ती माणसं जिंकली की हरली हे मला ठाऊक आहे. कोण होती तेवढंच नाही.

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा, कुणाची मावशी, कुणाचा चुलता कधी चार जणांत सही करून हायकोर्टात गेला असेल आणि हात हलवत परत आला असेल, तर घरी विचारा. पहिली सही कुणाची होती, तेही विचारा. मग इथे या. मी जिन्याखाली, डाव्या हाताला आहे. छत्र्या बाजूला करा, खालचा खण जरा जोर लावून ओढा, आणि मला त्यांचं नाव सांगून जा.